बैठक

निपाणीहून टो करून आणलेली फियाट
दुकानासमोर उभी राहिली, तेव्हा
आधी तिच्यातून वास उतरला:
तंबाखूचा, उंदरांचा, तापलेल्या रेक्झिनचा.
मग मागच्या गाडीतून सन्मती उपाध्ये,
नाकाला रुमाल लावून.

"सगळं बदला. छत, दारं, खालची मॅटिंग.
वाइन कलर घाला, हिऱ्याची शिलाई,
डॅशबोर्डखाली निळी लाइट.
ड्रायव्हरची सीट तेवढी तशीच ठेवा.
तिच्यावर तात्या बसलेत तीस वर्षं."

मी व्हय म्हणालो.
गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी व्हयच म्हणायचं असतं.

खडेबाजाराच्या मागं, बोळात आमचं दुकान.
आजा जीन शिवायचा, कॅम्पातल्या घोड्यांना.
बापानं टांग्याच्या गाद्या शिवल्या, मग जीपच्या.
मी येईल ते शिवतो.
जनावर बदललं, दाभण तेच.

दारांच्या क्लिपा उचकल्या. तीन तुटल्या.
आतला पुठ्ठा ओलीनं फुगून पापड झालेला.
उलटा केला तर पाठीवर खडूचं अक्षर,
बापाचं.
'डावा', आणि खाली कानडीत 'एड'.
दुसऱ्यावर 'उजवा', खाली 'बल'.
तेव्हा दुकानात दोन पोरं होती कामाला,
एकाला हे वाचता यायचं, एकाला ते,
आणि दारं बरोबर ज्याच्या त्या बाजूला बसायची.

म्हणजे गाडी आमच्याकडं आधी येऊन गेलीय.
नव्या पुठ्ठ्यावर मी तसंच लिहिलं, दोन्ही,
आता दुकानात एकटाच असतो, तरी.

छताचं कापड सोललं.
विडीच्या धुराचा पिवळा डाग, पराती एवढा,
फक्त ड्रायव्हरच्या डोक्यावर.
उपाध्यांच्या घरी विडीचा धंदा.
ओढायचं कुणी नाही.

सीट उघडायची नव्हती,
पण आतला काथ्या उंदरांनी नेलेला
आणि स्प्रिंगांना तार हवी होती.
उजव्या अंगाला खळगा खोल.
डावीकडं रेक्झिनच्या आत
गोणपाटाची चौघडी घालून टाके मारलेले, हातानं.
डावा पाय आखूड असलेला माणूस असा बसतो.

दस्तगीर.
क्लच दाबताना सगळं अंग कलायचं त्याचं.
बाप मापाची दोरी त्याच्या मांडीला लावून म्हणालेला,
शर्ट मालकाच्या मापाचा चालंल रे,
सीट न्हाई चालत.

मागच्या सीटलाही खळगा होता,
डाव्या कोपऱ्यात, रुंद, खात्यापित्या घरचा,
जरासा खिडकीकडं सरकलेला.

शनिवारी सन्मती आले.
पुढं बसले, खळग्यात तळहात ठेवला,
"तात्यांची बैठक," म्हणाले
आणि पुढचं बोलता येईना त्यांना.
माझ्या तोंडात मेण लावलेला दोरा होता.
बरं झालं.

दोरा संपल्यावर म्हणालो,
"जरा मागं बसून बघा की."
"मागचं तर बदलायचंय."
"बदलायच्या आधी."

बसले. डाव्या कोपऱ्यात.
हात आपसूक वर गेला, दाराच्या पट्ट्यात अडकला,
जिथं पट्टा झिजून सुतळीसारखा झालाय.
समोर आरसा. आरशात ड्रायव्हरची जागा,
तिच्यात कुणी नाही.
बोळातून भाजीवाली दोन भाषांत ओरडत गेली.
मी पायपिंग कापत राहिलो,
लागणार होतं त्यापेक्षा वीतभर जास्तच कापलं.

बऱ्याच वेळानं विचारलं त्यांनी,
"चाचा आहेत का अजून?"
"यमकनमर्डीला, लेकीकडं. ऐकून आहे."

रुमाल काढला, यावेळी नाकाला नाही लावला.
घडी घालून परत खिशात.
जाताना एवढंच:
"मागची सीट बघू. आणि ती निळी लाइट
राहू द्या."

राहू द्या म्हणजे लावा, का लावू नका,
मी विचारलं नाही.
वायर ओढून ठेवलीय सीटखालून,
तोंडाला टेप लावून.